कितीही लहान

औषधाच्या दुकानदाराने काउंटरवर जखमेच्या पट्ट्यांचं नवं खोकं ठेवलं आणि त्यावर तिला आपल्या विद्यापीठाचं बोधचिन्ह दिसलं. निळ्या गोलातलं उघडं पुस्तक. रोज त्या पुस्तकाखाली बसणाऱ्या माणसाला ते भलत्या ठिकाणीही दिसायला लागणार, असं मनाशी म्हणून तिने नजर वळवली, पण नजर फिरून तिथेच आली. चिन्हाखाली बारीक अक्षरांत 'विद्यापीठाच्या संशोधनातून' आणि वर ठसठशीत 'सहज सुटणारी'. नवीन आलीय, लोक हीच मागतात, असं दुकानदार सांगत होता. लोकांचं काय, खोक्यावर पुस्तक काढून दिलं की आत काय आहे ते बघायची त्यांना गरज उरत नाही. तिने तिथेच खोकं फोडलं. उघडलेलं परत घेत नाही, असं तो म्हणेपर्यंत एक पट्टी तिच्या हातावर, मनगटाच्या वर जिथे लव असते तिथे, बसलीही होती. मग तिने त्याच्याकडे पाणी मागितलं. त्याने आपली बाटली पुढे केली. दारातल्या उन्हात राहून पाणी चांगलं कोमट झालेलं. तिने ते पट्टीवर ओतलं, थोडं काउंटरवर सांडलं, तो काहीतरी पुटपुटला ते तिने ऐकलं नाही. कारण पट्टीचा एक कोपरा हलला होता. कुणी न ओढता, आपण होऊन उचलला गेला होता. हे तिचं होतं. जगात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. क्षणभर ती वेड्यासारखी खूश झाली आणि त्या खुशीतच तिने कोपरा चिमटीत धरून पट्टी ओढली. बाकीची पट्टी लव, कातडी, जे सापडेल ते घेऊन निघाली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हातावर लाल चौकोन उमटला होता; त्याचा एक कोपरा तेवढा जसाच्या तसा होता.

म्हणजे एवढ्यासाठी दुपारी बोलावलं होतं. 'एक सही आहे मॅडम, दोन मिनिटांचं काम,' असं परवानेवाला सकाळी फोनवर म्हणाला होता, आणि दोन मिनिटांचं काम म्हणणारा माणूस नेहमी दुसऱ्याचं काहीतरी कायमचं मागत असतो हे तिला एव्हाना कळायला हवं होतं. परवानेवाला म्हणजे विद्यापीठाच्या परवाना-कक्षाचा प्रमुख. प्राध्यापकांनी लावलेले शोध विद्यापीठाच्या नावावर करायचे आणि मग ते कंपन्यांना वापरायला द्यायचे, हा त्याचा उद्योग. तिचा शोध, म्हणजे पट्टीचा कोमट पाण्याने आपण होऊन सुटणारा चिकट थर, त्याने एका मोठ्या कंपनीला दिला होता, त्या एकाच कंपनीला, दुसऱ्या कुणाला द्यायची सोय न ठेवता. ती कंपनी जुन्या पट्ट्या विकायची आणि त्या पट्ट्या सोडवायचं तेलही विकायची. पट्टी आपण होऊन सुटली तर तेल कोण घेणार? म्हणून तिचा थर त्यांनी घेतला आणि फळीवर ठेवून दिला, शेजाऱ्याचा कुत्रा भुंकू नये म्हणून विकत घ्यावा तसा. पण करारात एक कलम होतं, तिने भांडून घालून घेतलेलं. ठरल्या मुदतीत कंपनीने तो थर वापरून बाजारात काही आणलं नाही, तर परवाना परत. शहराबाहेर पट्ट्यांचा लहानसा कारखाना चालवणारा एक माणूस त्या मुदतीची तिच्याइतकीच वाट पाहत होता. परवाना मिळाला की अख्खी पट्टी तुमच्या थराची करतो, असं तो दर भेटीत सांगायचा. मुदत आज संपत होती. आणि त्याच्या जेमतेम आधी बाजारात पट्टी आली होती, तिचा थर नखाएवढ्या कोपऱ्याला लावून.

विद्यापीठापर्यंतचा रस्ता तिने चालतच काटला. हात चुरचुरत होता आणि त्या चुरचुरण्यात एक आवाज होता. सासूबाईंचा. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. सासूबाईंचं हत्तीच्या पावलांनी आलं आणि घरातच बसलं. आधी पाय गेले, मग पडून पडून माकडहाडावर जखम झाली. जखम बांधणारी बाई ठेवली, तिला सासूबाईंनी आठवड्यात पळवून लावलं. मग उरलं कोण? नवरा आईच्या खोलीच्या दारापर्यंत यायचा, जखम दिसली की त्याला बेसिनचा नळ नीट बंद झालाय का ते बघायचं असायचं. सासूबाईंना ही सून कधीच पसंत नव्हती आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही, ही त्यांची एक चांगली गोष्ट. सुनेने चिकट पदार्थांच्या रसायनात डॉक्टरेट मिळवली तेव्हा त्या पाहुण्यांना सांगायच्या, आमची सून डिंकात डॉक्टर आहे. पाहुणे हसायचे. ती पण हसायची, दात दाखवून. तर अशा या डिंकातल्या डॉक्टरीणबाई रोज संध्याकाळी सासूबाईंना कुशीवर वळवायच्या आणि कालची पट्टी सोलून काढायच्या. सासूबाईंची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. त्या किंचाळायच्या नाहीत. त्यांच्या नाकातून एक बारीक, धरून ठेवलेला आवाज यायचा, आणि तो संपला की त्या म्हणायच्या, हात आहे की पक्कड? पुढे शोधाचं कौतुक झालं तेव्हा विद्यापीठाच्या मासिकात छापून आलं की सासूवरच्या मायेतून हा शोध लागला. माया कसली! एका संध्याकाळी, दिवसभराचा शीण अंगात असताना, पक्कड हा शब्द ऐकून तिने पट्टीचं उरलेलं टोक ओढलं आणि आपला हात गरजेपेक्षा जोरात गेला हे तिला कळलं. गेला नव्हता, नेला होता. आणि त्यात, निमिषभर का होईना, बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याला भिऊन ती दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत कामाला लागली, ती कोमट पाण्याने आपण होऊन सुटणारा थर हाताला लागेपर्यंत थांबली नाही. हे कुठल्या मासिकात छापणार?

थर जमला तेव्हा ती तो गुपचूप घरी आणू लागली. पहिल्यांदा पट्टी नुसत्या ओल्या कापडाने सुटून आली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे मानपत्रच. काही महिने त्या घरात संध्याकाळ ही दिवसाची एक साधी वेळ झाली होती. मग तिने स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. कंपनीच्या लोकांबरोबर करारासाठी बैठक होती आणि त्यांचा एक जण, गुळगुळीत दाढी केलेला, थर खरंच चालतो का म्हणून खोदून खोदून विचारत होता. तिला राग आला आणि ती बोलून गेली की घरी सासूबाईंना लावतेय, विचारा त्यांना. तपासणी पूर्ण न झालेली वस्तू, प्रयोगशाळेबाहेर, आजारी माणसाच्या अंगावर? परवानेवाला हसत राहिला, पण त्याचे कान लाल झाले. दुसऱ्याच दिवशी थराचं कपाट कुलूपबंद झालं आणि किल्ली त्याच्या कक्षात गेली. आता तो कंपनीचा माल, मॅडम, एक तुकडाही बाहेर जाता कामा नये. त्या संध्याकाळी जुनी पट्टी परत आली आणि आवाजही परत आला. तिने सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं होतं, करार, कपाट, किल्ली. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या की आपण केलेली वस्तू आपल्यालाच मिळत नाही, असं कुठे असतं का. मी काही दूधखुळी नाही. तेव्हापासून त्यांची खात्रीच झाली होती की ही चांगली पट्टी हिने मुद्दाम बंद केली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, त्यांचं म्हणणं तिलाही कधीकधी पटायचं. खरंच, असं कुठे असतं का?

परवाना-कक्षात नेहमीसारखी गार हवा आणि नव्या गालिच्याचा वास होता. भिंतीवर विकल्या गेलेल्या शोधांच्या चौकटी टांगलेल्या. त्यात तिची एक होती, आणि ती आत येताना दरवेळी तिच्याकडे बघायची नाही असं ठरवून बघायची. परवानेवाल्याने चहा मागवला. वयाने तिच्याहून लहान, कधीकाळी तोही प्रयोगशाळेत होता आणि तिथून निसटला याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर अजून ताजा होता. त्याने एका पानाचा कागद पुढे सरकवला. सदर उत्पादनात माझ्या शोधाचा वापर झाला आहे, एवढंच त्यावर लिहिलं होतं. खाली तिचं नाव, सहीची रेघ. ही सही झाली की कंपनीने मुदत पाळली असं ठरणार होतं, आणि पेटंट जिवंत आहे तोवर तो थर त्यांच्याच फळीवर राहणार होता. हे दोघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे ते बोलायची गरज नव्हती. तिने बाही वर करून हात टेबलावर ठेवला.

"थोडं लाल झालंय," तो म्हणाला.

"कोपरा सोडून सगळं लाल झालंय. कोपऱ्याला माझा थर आहे, बाकी जुनीच पट्टी आहे. मी सही करणार नाही."

त्याने वाद घातला नाही. वाद घालणारा माणूस परवडला. त्याने नुसता आपल्या संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला आणि पेटंटमधला पहिला दावा, म्हणजे नेमकं काय आपल्या मालकीचं ते सांगणारं वाक्य, वाचायला सुरुवात केली. जखमेची पट्टी, जिचा कोणताही भाग, तो कितीही लहान असो, सदर थराचा बनलेला आहे. वाचून झाल्यावर तो थांबला. हे शब्द ऐकताना तिच्या अंगातून जुन्या सवयीने एक सुखाची लहर गेली, याची तिला लाज वाटली. 'कितीही लहान असो' हे वकिलाचं नव्हतं, तिचं होतं. वकिलाने साधं, सरळ लिहिलं होतं, संपूर्ण चिकट बाजू त्या थराची असलेली पट्टी. तिनेच हटून बसून ते बदलायला लावलं होतं. उद्या कुणी निम्मी बाजू आपल्या थराची करील, निम्मी जुनी ठेवील आणि म्हणेल हे तुमचं नाही. असं कुणाला निसटू द्यायचं नव्हतं. सगळ्या फटी बुजवायच्या होत्या. वकील म्हणालाही होता, बाई, एवढं रुंद कुंपण कशाला, आपल्याच पायात येईल. तिला वाटलं होतं, वकिलाला विज्ञान कळत नाही. त्या रात्री जेवताना तिने ते वाक्य नवऱ्याला दोनदा ऐकवलं होतं.

"तुम्हीच ठरवलंत ना मॅडम, नखाएवढा भाग म्हणजेसुद्धा तुमचा शोध," परवानेवाला म्हणाला. "मग या कागदात खोटं काय आहे?"

खोटं काही नव्हतं. ती शोधत राहिली आणि सापडेना. मग तो समजुतीच्या सुरात पुढचं सांगू लागला. तिला नको असेल तर तिने तसं लिहून द्यावं, की एवढासा कोपरा म्हणजे माझा शोध नव्हे. परवाना परत येईल, नियमच आहे. पण मग ते लिहिलेलं कायम राहणार. उद्या कुणीही थोडा थर लावून पट्टी काढील, तिचंच पत्र दाखवील आणि विद्यापीठ बोट लावू शकणार नाही. अख्खी पट्टी तेवढी तिची राहील, बाकी रान मोकळं. त्या कारखानदाराला मग भोक पडलेली छत्री द्यायची का, तूच सांग, म्हणजे तुम्हीच सांगा, असं तो म्हणाला. बोलताना तो एकेरीवर घसरला होता आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. तिच्याही.

चहा गार झाला. बाहेरच्या पॅसेजमधून कुणीतरी चाकांची खुर्ची ओढत नेली आणि चाकाचा चिरका आवाज बराच वेळ येत राहिला. तिला उत्तर दिसत होतं, इतकं स्वच्छ की ते न दिसल्याचं सोंगही करता येईना. लिहून द्यायचं. कारखानदाराला भोक पडलेली छत्रीही चालली असती. तो भोळा माणूस पट्टीच करायला निघाला होता, खटले लढायला नाही. आणि रान मोकळं झालं तर काय बिघडणार होतं? कुणी अर्ध्या बाजूला थर लावील, कुणी कडेला, कुणी कोपऱ्याला. कुठल्यातरी शहरातल्या कुठल्यातरी सुनेचा हात जोरात जाणार नाही. एवढंच तर हवं होतं. पण त्या अर्ध्या पट्ट्या डोळ्यांपुढे आल्या, खोक्यांवर खोकी, आणि त्यांतल्या एकीवरही ती नव्हती. त्या तिच्या नसत्या. तिने शोधलेला थर लावलेल्या, चालणाऱ्या, सुटणाऱ्या, आणि तिच्या नाहीत. समोर बसलेल्या या माणसाला ती इतकी वर्षं पाण्यात पाहत आली, कंपनीला शिव्या घालत आली. फळीवर ठेवून देणारे, कुलूप लावणारे, कुणाला हात लावू न देणारे. आणि आता तिचा स्वतःचा हात 'कितीही लहान असो' या तीन शब्दांवरून उठत नव्हता. त्याने पेन टोपण काढून ठेवलं होतं, तिच्या बाजूला. तिने सही केली. सही करताना तिला भीती वाटत नव्हती, हे तिला नंतर सगळ्यात जास्त लागलं. भीतीने केली असती तर त्याला दोष देता आला असता.

"थँक यू मॅडम," परवानेवाला म्हणाला, आणि हातासाठी मलम हवं का असंही त्याने विचारलं.

परतताना ती त्याच दुकानात शिरली. मघाशी काउंटर पुसावा लागला होता ते आठवून दुकानदाराने बाटली आत सरकवली. तिने नव्या पट्ट्यांची होती नव्हती तेवढी खोकी मागितली. त्याने एकदा तिच्याकडे, एकदा तिच्या लाल हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता पिशवीत भरली. घरी नवरा आला होता. सही केलीस का, असं त्याने विचारलं. मुदत त्यालाही ठाऊक होती. केली म्हटल्यावर तो म्हणाला की बरं झालं, उगीच मोठ्यांशी वैर कशाला. पिशवीत काय आहे ते त्याने विचारलं नाही. ती हात धुऊन जेवणाच्या टेबलावर बसली, स्वच्छ कापड पसरलं, कात्री उकळून घेतली आणि एकेका पट्टीचा कोपरा कापू लागली. कोपरा इकडे, बाकीची पट्टी कचऱ्यात. नखाएवढे, पातळ, पांढुरके तुकडे. कंपनीने तिचा थर कापून कापून इतका बारीक केला होता, आणि आता ती तो तुकड्यातुकड्याने जोडत होती. गॉजचा, जखमेवर ठेवायच्या जाळीदार कापडाचा, एक चौकोन घेऊन त्याच्या चारी कडांना तिने ते कौलं बसवावीत तसे एकावर एक चढवत बसवले. बोटं आखडली. हे काम कुणी विचारलं असतं तर काय म्हणून सांगायचं, चोरी की दुरुस्ती? विकत घेतलेला माल होता, पावती होती. खोटं काही नव्हतं.

मग तिने सासूबाईंना कुशीवर वळवलं आणि कालची पट्टी काढली. दुसरा इलाजच नव्हता; नवीन लावायची तर जुनी निघायला हवी. आवाज आला, नाकातून, नेहमीपेक्षा लांब. नवरा नळापाशी होता. "पक्कड," असं एवढंच सासूबाई म्हणाल्या, वाक्य पूर्ण करायचाही त्यांना कंटाळा आला असावा. तिने जखम धुतली, तुकड्यांची ती चौकट बसवली, कडा बोटाने दाबल्या. दाबताना तिच्या लक्षात आलं की आपण श्वास धरून बसलोय. सासूबाईंना काही सांगितलं नाही. सांगितलं असतं आणि तुकडे टिकले नसते तर?

तुकडे टिकले. दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठात गेली नाही, डोकं दुखतंय असा निरोप धाडला आणि खरोखर दुखत होतं. दिवसभर तिने सासूबाईंच्या खोलीत तीनतीनदा डोकावून पांघरूण सारखं केलं. त्या संशयाने बघत होत्या. ही आज घरी का, हा प्रश्न त्यांनी विचारला नाही. त्यांच्या मते या बाईच्या प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी असायचंच. संध्याकाळ झाली. तिने पाणी कोमट केलं, कोपराने तपासलं, कापड बुडवून पिळलं. सासूबाईंना कुशीवर वळवलं तशी त्यांनी उशीचं टोक मुठीत धरलं, डोळे मिटून घेतले. त्यांची मान ताठ झाली, खांदे वर आले, आणि पाठीचे मणके एकेक करून मोजता येतील इतके बाहेर आले. सगळं शरीर त्या एका ओढण्याची वाट पाहत होतं. आपल्या हाताची इतकी धास्ती हे शरीर रोज घेत होतं, हे तिने इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं. पाहायचं टाळलं होतं. तिने ओलं कापड चौकटीवर ठेवलं. एका कडेचा तुकडा सुटला, मग त्याच्या शेजारचा, मग ओळीने सगळे, आणि गॉज तिच्या तळहातात अलगद येऊन पडलं. कातडी जागच्या जागी होती. या बाईच्या पाठीवर हात ठेवावा असं तिला वाटलं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते वाटणं खरं होतं.

"काढ ना आता," सासूबाई उशीत तोंड खुपसून म्हणाल्या. "किती वेळ अंत बघतेस?"

"काढली, आई."

सासूबाई हलल्या नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांची मूठ सैल झाली. त्यांनी एक हात मागे नेला, चाचपडत जखमेच्या कडेला बोटं टेकवली आणि तिथे काही नाही याची खात्री करून घेतली. मग त्यांनी मोठ्या कष्टाने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. इतक्या वर्षांत जी गोष्ट नुसती वाटत होती ती अखेर शाबीत झाल्याचं समाधान होतं.

"म्हणजे येत होतं तुला," त्या म्हणाल्या.